एका अक्षराची चूक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात झालेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'पेशी आणि जनुकं यांच्या संशोधनातली प्रगती आणि तिचे उपयोग'. सकाळी चहाच्या वेळी मागच्या बाकावरच्या एका मित्रानं विचारलंच, "डॉक्टर, जेवणाच्या आधी संपन ना बाप्पा?" संपेल. विषय मोठा आहे, पण मी तो काटोलपुरताच सांगणार आहे. तीस वर्षं सरकारी दवाखान्यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली. त्यात जे सगळ्यांत जास्त पाहिलं, तेच सांगतो. ते म्हणजे आपल्या भागातलं रक्त.

सुरुवात आठवीच्या वर्गापासून करतो. १९८२ साल. आपल्या वर्गात एक मुलगा होता. नाव घेत नाही, त्याच्या घरची माणसं अजून गावात आहेत. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो आठवेल. अंगानं बारीक, डोळे नेहमी पिवळसर, गणितात मात्र आपल्या सगळ्यांच्या पुढं. महिन्यातून चार-पाच दिवस त्याची गैरहजेरी ठरलेली. विचारलं तर म्हणायचा, "आंग दुखत होतं." आपण हसायचो. आंग दुखायला हा काय म्हातारा आहे? कवायतीच्या तासाला तो झाडाखाली बसायचा, तेव्हा आपण त्याला 'साहेब' म्हणायचो.

त्या डिसेंबरात आपण जाम नदीवर गेलो होतो. तो काठावर बसला होता. मी म्हणालो, "पान्याले भेतं का बे?" आणि दोघांनी मिळून त्याला पाण्यात ओढलं. त्यातला एक मी. तोही हसला, दोन डुबक्या मारल्या. दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस तो शाळेत आला नाही. त्याची आई रात्र-रात्र त्याचे पाय शेकत होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. कोणी म्हणालं वात आहे, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. १९८७ च्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत तो गेला. विशीसुद्धा गाठली नव्हती.

मी तेव्हा नागपूरला मेडिकलला होतो. त्यानंतर वर्षभरानं दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात सरांनी काचपट्टी दाखवली. गोल तांबड्या पेशींमध्ये मधूनच लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून 'सिकलसेल'. सर लक्षणं सांगत होते. थंड पाण्यानं, थंडीनं, तापानं, पाणी कमी प्यायल्यानं हाडं-सांधे असह्य दुखतात. डोळे पिवळे होतात. साधा जंतुसंसर्ग जिवावर बेततो. मी वहीत लिहीत होतो आणि माझ्यासमोर जाम नदीचा काठ होता. त्याची तपासणी कधीच झाली नाही, त्यामुळे त्याला हाच आजार होता असं कागदावर कोणी लिहून देणार नाही. पण माझ्या मनात शंका नाही.

आता हा आजार म्हणजे काय ते पाहू, कारण जनुकशास्त्र समजून घ्यायला याहून सोपा धडा नाही.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत शरीर घडवण्याची एक संहिता असते. चार अक्षरांत लिहिलेली, सुमारे तीनशे कोटी अक्षरांची. रक्ताला लाल रंग देणारं आणि प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन कसं बनवायचं, तेही त्यात लिहिलेलं आहे. सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. 'अ'च्या जागी 'ट' म्हणा. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या एका साखळीतल्या १४६ मण्यांपैकी सहावा मणी बदलतो. बस, एवढंच. बाईंनी आपल्या शुद्धलेखनाच्या वहीत लाल गोल काढला असता, एवढीच चूक. पण त्या एका मण्यामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून काड्या होतात. पेशी ताठ आणि वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पुढचा रक्तपुरवठा थांबतो. ती कळ त्यामुळे येते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे.

हे ज्ञान काही कालचं नाही. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी या पेशींचं वर्णन केलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराचं मूळ थेट रेणूपर्यंत नेण्याची ती पहिली वेळ. १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्राम यांनी तो बदललेला मणीही शोधून काढला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष सापडला. आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी आपल्या नागपूर भागातल्या सिकलवाहकांविषयी 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात लिहिलं.

१९५८ हे साल लक्षात ठेवा. आपला मित्र आठवीत बसला त्याच्या चोवीस वर्षं आधी हे सगळं छापून आलेलं होतं. नागपूर इथून साठेक किलोमीटर. तेवढं अंतर कापायला त्या ज्ञानाला चोवीस वर्षं पुरली नाहीत. आज मी जे काही सांगणार आहे, ते या एका गोष्टीसाठी आहे.

हा आजार आपल्याकडेच का? कारण मलेरिया. ज्याच्याकडे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रतींपैकी एकच प्रत सिकलची असते, त्याला जीवघेणा मलेरिया सहसा होत नाही. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत हे दाखवलं. जिथं पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथं हे अक्षर टिकून राहिलं. म्हणजे हे कोणाच्या पापाचं फळ नाही, पूर्वजांना वाचवणारं कवच होतं ते. विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये याचं प्रमाण जास्त आहे, पण इतर मागासवर्गीय समाजांतही ते आढळतं. 'आमच्या जातीत नाही' असं म्हणणारे बरेच जण मी पाहिले. त्यांच्यातल्या काहींच्या काचपट्ट्याही मीच पाहिल्या.

आता हिशेब ऐका. प्रत्येकाच्या हातात दोन चिठ्ठ्या आहेत. निरोगी चिठ्ठीला 'ए' म्हणू, सिकलच्या चिठ्ठीला 'एस'. दोन्ही 'ए' असतील तर प्रश्न नाही. एक 'ए', एक 'एस' असेल तर तो माणूस वाहक. त्याला आजार नाही, तो शेती करतो, पोलिसात जातो, नव्वद वर्षं जगतो. दोन्ही 'एस' असतील तर तो रुग्ण. मूल होताना आई एक चिठ्ठी देते, बाप एक देतो. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. इथं लोक चुकतात. मला एका बापानं सांगितलं होतं, "साहेब, चारात एक म्हणालात ना, तो एक झाला. आता पुढचे तीन बरे निघतील." तसं नाही. दर वेळी चिठ्ठ्या नव्यानं काढायच्या असतात. मागच्या वेळी काय निघालं, याची आठवण चिठ्ठीला नसते.

मग उपाय काय? इथं संशोधनाची खरी कमाई दिसते. मी साध्यापासून भारीपर्यंत जातो.

पहिली पायरी, लवकर ओळखणं. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जन्मतःच निदान होतं. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, म्हणून जंतू त्यांना लवकर गाठतात. त्यांना पहिल्या काही महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन दिलं, न्यूमोनियाची लस दिली, तर कितीतरी मुलं वाचतात. अमेरिकेत १९८६ मध्येच हे सिद्ध झालं. आणि घरच्यांनी एक नियम पाळायचा. ताप आला की घरी वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना. आपला मित्र त्या दोन दिवसांतच गेला.

दुसरी पायरी, हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर ते बंद होत जातं. ही गोळी ते काही प्रमाणात पुन्हा सुरू करते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की आपल्या मुलांना किलोमागं रोज १० मिलिग्रॅम एवढी कमी मात्राही पुष्कळ उपयोगी पडते. हे संशोधन परदेशातलं नाही, आपल्याच मेडिकलमधलं आहे.

तिसरी पायरी, अस्थिमज्जा प्रत्यारोपण. हे काटोलच्या माणसाला मुंबईच्या माणसापेक्षा लवकर समजेल. आपण जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. मूळ जंबेरीचं, पण झाडाला फळ येतं ते डोळ्याचं, म्हणजे संत्र्याचं. रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतं. तिथल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, औषधानं काढून टाकायच्या आणि जुळणाऱ्या भावाच्या किंवा बहिणीच्या मूळपेशी सोडायच्या. शरीर रुग्णाचंच, पण रक्त तयार होतं ते भावाच्या डोळ्याचं. १९८० च्या दशकात अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगासाठी एका मुलीचं असं प्रत्यारोपण झालं आणि तिचा सिकलसेलही बरा झाला. अडचण अशी की सख्ख्या भावंडांतही जुळण्याची शक्यता चारात एक. शिवाय खर्च आणि धोका आहेच.

चौथी पायरी सध्या सगळीकडे गाजते आहे, ती क्रिस्पर. जनुकाच्या ठरलेल्या जागी कात्री चालवण्याची ही पद्धत. तिच्यासाठी इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना या दोघींना २०२० चं नोबेल मिळालं. इथं दुसऱ्याचा डोळा लागतच नाही. रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत दुरुस्त करायच्या आणि परत त्यालाच द्यायच्या. कॅसजेव्ही नावाच्या उपचारात चुकलेलं अक्षर खोडत नाहीत. बाळपणीचं हिमोग्लोबिन बंद करणारी जी कळ असते, तीच रक्तपेशींपुरती निकामी करतात, म्हणजे ते हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागतं. ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेनं त्याच डिसेंबरात याला परवानगी दिली. अमेरिकेतली किंमत एका रुग्णामागं २२ लाख डॉलर. रुपयांत करा हिशेब, अख्ख्या तालुक्याचा संत्रा आठवेल.

म्हणूनच आपल्या देशातलं काम महत्त्वाचं. दिल्लीच्या सीएसआयआरच्या जीनोमिक्स संस्थेनं क्रिस्परवरचा स्वदेशी उपचार विकसित केला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो जाहीर झाला, नाव ठेवलं 'बिरसा १०१', भगवान बिरसा मुंडांवरून. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे ते तंत्रज्ञान दिलं गेलं आहे. तो आपल्या गावापर्यंत पोचायला वेळ लागेल, पण दिशा दिसते आहे.

एक इशारा मध्येच देतो. 'स्टेम सेलनं मधुमेह, गुडघे, लकवा, सगळं बरं' अशा जाहिराती दिसतात. रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे, बाकी बहुतेक अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, असं आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. प्रयोगात पैसे रुग्णानं द्यायचे नसतात. कोणी शेत विकायला लावत असेल तर आधी सरकारी डॉक्टरला विचारा.

आता पाचवी पायरी. खरं तर ती सगळ्यांत पहिली. बोटातून रक्ताचा थेंब, काचेच्या नळीतलं एक द्रावण. नळीमागं धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसल्या तर सिकल नाही, गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पुढची पक्की तपासणी. याला सोल्युबिलिटी चाचणी म्हणतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि सरकारी दवाखान्यात होतं. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाचं उद्दिष्ट १७ राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत हा आजार संपवायचं आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी तर सिकलसेलच्या रुग्णांसाठी आयुष्य खर्ची घातलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही किती जणांना माहीत आहे?

चाचणी आहे, कायदा आहे, अभियान आहे. मग अडतं कुठं? ते सांगण्यासाठी मला स्वतःविषयी बोलावं लागेल.

त्या प्रात्यक्षिकाच्या तासाला आम्ही एकमेकांचं रक्त तपासलं. माझ्या काचपट्टीवर पेशी वाकल्या. पक्की तपासणी केली, मी वाहक निघालो. ही १९८८ ची गोष्ट. १९९६ मध्ये माझं लग्न ठरलं. मी पॅथॉलॉजीचा डॉक्टर. चिठ्ठ्यांचा हिशेब मला झोपेतसुद्धा पाठ. आणि मी मुलीकडच्यांना एक शब्द बोललो नाही. भीती वाटली. 'मुलाच्या रक्तात खोट आहे' म्हणतील, सोयरिक मोडेल, बहिणीचं पुढं अवघड होईल. पुढं बायकोला दिवस गेल्यावर तिच्या डॉक्टरनं तिची सिकलची तपासणी सांगितली. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ती वाहक नव्हती. रिपोर्ट हातात घेऊन तिनं विचारलं, "तुमचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी हो म्हणालो. बराच वेळ ती काही बोलली नाही. आज ती समोरच्या रांगेत बसली आहे. हे इथं सांगू का, असं मी तिला काल विचारलं. ती म्हणाली, "सांगा. उशिरा का होईना."

नदीत मित्राला ओढलं ते अज्ञानानं. हे मात्र मी सगळं माहीत असून केलं. साठ किलोमीटरचं अंतर मी पार केलं होतं, पण माहिती जिभेपर्यंत आणली नाही.

आमची मुलगी वाहक आहे. तिचं लग्न जमवताना पहिल्या भेटीतच आम्ही तिचा रिपोर्ट पोह्यांच्या बशीशेजारी ठेवला. एका घरच्यांनी नंतर फोन उचलला नाही. वाईट वाटलं. दुसऱ्या मुलानं तिथंच विचारलं, "मग माझीही तपासणी करावी लागेल ना? कुठं करायची?" आज तो आमचा जावई आहे.

दोन वाहकांनी लग्न करूच नये, असं मी म्हणत नाही. तो त्यांचा निर्णय. करायचं ठरवलं तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते, समुपदेशन मिळतं, बाळाची तयारी जन्मापासून ठेवता येते. पण निर्णय घ्यायला आधी माहीत असावं लागतं. आपण पत्रिका जुळवतो, गोत्र पाहतो, पोराचा पगार विचारतो. त्या यादीत हा एक कागद घाला. आणि ज्याचा रिपोर्ट वाहक येईल, त्याच्याकडे खोट म्हणून बघू नका. तो तुमच्याकडे तोंडावर खरं बोलणारा माणूस म्हणून आलेला असतो.

आपल्यापैकी बहुतेकांची मुलं आता लग्नाची आहेत, काहींची नातवंडं बालवाडीत आहेत. क्रिस्पर यायचा तेव्हा येईल. त्याची वाट पाहत बसलो तर आणखी चोवीस वर्षं जातील. थेंबभर रक्ताची तपासणी मात्र आज इथं आहे. आपली आठवीची ती कोपऱ्यातली खोली. तिथं टेबल लावलं आहे. माझ्या जुन्या सहकारी भगिनी सुई आणि नळ्या घेऊन बसल्या आहेत. नाव कुठं लिहिलं जाणार नाही, कागद फक्त तुमच्या हातात मिळेल.

त्याच खोलीत तिसऱ्या बाकावर आपला मित्र बसायचा. जेवणाआधी पाच मिनिटं तिथं जाऊन या, एवढीच विनंती. जेवण तोवर थांबेल, वाढपी मंडळींना मी सांगून ठेवलं आहे.